छायाचित्राची साक्ष



आजचा विषय थोडा अवघड आहे, आणि रेडिओवर बोलायला तर अधिकच अवघड. युद्धात आणि जुलमी राजवटीत माणसांवर जे अत्याचार होतात, त्यांच्या छायाचित्रांविषयी मी बोलणार आहे. आता छायाचित्र ही डोळ्यांनी पाहायची वस्तू, आणि रेडिओ पडला कानांचा सोबती. तुम्ही म्हणाल, मास्तर, न दाखवता चित्राबद्दल काय सांगणार? पण मला वाटते, एका परीने हे बरेच आहे. चित्र समोर असले की आपण क्षणभर पाहतो, चुकचुकतो आणि पान उलटतो. इथे मला ते शब्दांनी उभे करावे लागेल आणि तुम्हाला मनात उभे करावे लागेल. त्याला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ आपण त्या माणसापाशी थांबू.

एकच चित्र घेऊ. साल १९०४, मे महिना. ठिकाण आफ्रिकेतील काँगो नदीच्या खोऱ्यातले बारिंगा नावाचे गाव. तिथल्या मिशनच्या घराच्या ओसरीच्या कडेला एक माणूस बसला आहे. त्याचे नाव न्साला. तो कॅमेऱ्याकडे पाहत नाही. त्याची नजर समोर जमिनीवर खिळलेली आहे. तिथे दोन लहान वस्तू ठेवलेल्या आहेत. नीट पाहिले म्हणजे कळते, की एक आहे लहान मुलाचा हात आणि दुसरे आहे पाऊल. ही त्याच्या मुलीची शरीरखूण. मुलीचे नाव बोआली, वय सुमारे पाच वर्षे. पानांत गुंडाळलेले पुडके घेऊन तो बाप चालत मिशनपर्यंत आला होता.

बस्स. चित्रात एवढेच आहे. रक्त नाही, बंदूक नाही, मारणारा शिपाई नाही, आरडाओरडा नाही. एक माणूस मुकाट बसून पाहतो आहे.

आता विचारू या, हे का झाले?

त्या वेळी काँगोचा तो अफाट मुलूख बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या ताब्यात होता. गंमत म्हणा की क्रूर थट्टा म्हणा, हा मुलूख बेल्जम देशाचा नव्हता, त्या एका माणसाचा होता. १८८४-८५ साली बर्लिनला युरोपातल्या राष्ट्रांची परिषद भरली. त्या सुमारास राजाने गोड बोलून ही मिळकत पदरात पाडून घेतली. गुलामांचा व्यापार बंद करू, तिथल्या लोकांना सुधारू, असे तो सांगत असे. मुलूख त्याच्या देशाच्या पंचाहत्तरपट मोठा. आणि त्याने जन्मात एकदाही तिथे पाऊल टाकले नाही.

मग आले रबर. १८८८ साली डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. सायकली वाढल्या, पुढे मोटारी आल्या, आणि रबराला सोन्याचा भाव आला. काँगोच्या जंगलात रबराच्या रानवेली होत्या. आपल्याकडे रुईचा किंवा शेराचा चीक निघतो ना, तसा त्या वेलीला चीरा दिला की चीक निघे. तो काढायला माणसे उंच झाडांवर चढत. काही ठिकाणी तो चीक अंगावरच फासून वाळू देत आणि मग केसांसकट उपटून काढत. असले काम पैशासाठी खुशीने कोण करील? कोणीच नाही. म्हणून गावागावावर सक्ती बसली. अमुक दिवसांत अमुक एवढे रबर आणलेच पाहिजे. आपल्या जुन्या माणसांना वेठ ठाऊक आहे. पण ही वेठ जिवावरची होती. रबर भरेपर्यंत गावातल्या बायकांना ओलीस धरून कोंडून ठेवीत. कमी भरले तर शिपाई येत.

आणि या शिपायांना दारूगोळ्याचा हिशोब द्यावा लागे. अधिकाऱ्यांना शंका, की शिपाई काडतुसे शिकारीवर उडवतील. म्हणून मारलेल्या माणसाचा उजवा हात कापून आणावा, म्हणजे काडतूस सत्कारणी लागले याची पावती! मग शिपायांनी काडतूस शिकारीवर खर्च करायचे आणि हिशोब जुळवायला जिवंत माणसाचा हात तोडायचा, असेही होऊ लागले. हिशोबाची वही चोख राहावी म्हणून माणसाचा हात तोडला जात होता. न्सालाच्या गावाने रबर कमी दिले, म्हणून रबर कंपनीचे पहारेकरी गावावर चालून गेले. त्यांत त्याची बायको गेली आणि मुलगी गेली.

श्रोतेहो, या गोष्टी जगाला त्या दिवशी पहिल्यांदा कळल्या असे समजू नका. जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स नावाच्या एका अमेरिकन निग्रो गृहस्थाने १८९० मध्येच काँगोत फिरून राजाला जाहीर पत्र लिहिले होते. पुढच्याच वर्षी तो वारला आणि पत्र विसरले गेले. विल्यम शेपर्ड नावाच्या दुसऱ्या एका अमेरिकन मिशनऱ्याने १८९९ साली एका छावणीत विस्तवावर सुकत ठेवलेले उजवे हात स्वतः मोजले. ते एक्याऐंशी भरले. लिव्हरपूलच्या एका जहाज कंपनीत एडमंड मोरेल नावाचा कारकून होता. तो तर काँगोला कधी गेलाच नव्हता. पण बंदरावर माल चढताना-उतरताना त्याने पाहिले, की काँगोहून जहाजे येतात ती रबर आणि हस्तिदंत यांनी भरून. आणि परत जातात ती बंदुका आणि काडतुसे घेऊन. कापड नाही, भांडीकुंडी नाही, व्यापाराचा माल म्हणावा तर नाही. त्याने ताडले, की मोबदला न देता माल येतो आहे, म्हणजे तो बंदुकीच्या जोरावर काढला जातो आहे. नुसत्या माल-नोंदीवरून त्याने गुलामगिरी ओळखली. पुढे नोकरी सोडून त्याने स्वतःला या कामाला वाहून घेतले.

१९०३ मध्ये ब्रिटिश वकील रॉजर केसमेंट नदीनदीने हिंडला. गावोगावी त्याने जबान्या घेतल्या, आणि १९०४ च्या आरंभी त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. पण सरकारने छापताना काय केले? माणसांची नावे, गावांची नावे गाळली आणि त्या जागी नुसती अक्षरे घातली. अमुक गावच्या अमुक माणसाचा हात अमुक दिवशी तोडला, असे आपण म्हणालो तर ऐकणारा दचकतो. पण ‘क्ष गावच्या य माणसाचा’ म्हटले की ते बीजगणित होते. केसमेंटला याचा फार संताप आला, आणि तो रास्तच होता.

शिवाय राजाचे उत्तर तयार होते. हे सारे मत्सरी इंग्रज व्यापाऱ्यांचे कुभांड आहे, मिशनरी अतिशयोक्ती करतात, हात तुटतात ते रोगाने नाहीतर जनावरांनी. वर्तमानपत्रांना पैसे चारून असे लेख छापून आणण्याची त्याची मोठी व्यवस्था होती. शब्दाला शब्द, आरोपाला इन्कार. दूर लंडनमध्ये बसलेल्या वाचकाने कोणावर विश्वास ठेवायचा?

अशा वेळी ते छायाचित्र आले.

ते काढणारी बाई होती ॲलिस सीली हॅरिस. जन्म १८७०, इंग्लंडातला. १८९८ मध्ये लग्न होऊन नवऱ्याबरोबर ती काँगोत आली. नवरा जॉन आणि ती दोघेही मिशनचे काम करीत. ती मुलांना शिकवी. म्हणजे बघा, शिक्षकाचेच काम. तिच्याजवळ कॅमेरा होता. कॅमेरा हे तोवर मोठ्या खटाटोपाचे यंत्र राहिले नव्हते. १८८८ पासून कोडॅकचे छोटे कॅमेरे निघाले होते आणि हौशी माणसांच्या हाती ते यंत्र आले होते. न्साला पुडके घेऊन आला तेव्हा तिने ते पाहिले, आणि त्याला विनवून ओसरीवर बसवून छायाचित्र घेतले. पुढे हात तुटलेल्या मुलांची आणि मोठ्या माणसांची चित्रेही तिने घेतली. त्यांतल्या कित्येकांत काळ्या अंगावरचा तुटका हात स्पष्ट दिसावा म्हणून मागे पांढरे कापड धरलेले आहे. साधीच युक्ती, पण डॉक्टर जखम तपासावी तशा बुद्धीने केलेली.

आणि तिने व तिच्या सोबत्यांनी आणखी एक गोष्ट केली, ती माझ्या मते कॅमेऱ्याइतकीच मोलाची आहे. त्यांनी नावे लिहून ठेवली. न्साला, वाला गावचा. मुलगी बोआली. सरकारने जे गाळले, ते त्यांनी राखले. त्या मोहिमेतले दुसरे एक छायाचित्र आहे, मोला आणि योका या दोन मुलांचे. दोघांचेही हात गेलेले. पाहणाऱ्याला वाटेल, दोघांचे एकाच तऱ्हेने गेले. पण नोंद सांगते, की मोलाचे हात शिपायांनी इतके करकचून बांधले की ते सडून गेले. आणि योकाचा उजवा हात ‘मारल्याचा’ पुरावा म्हणून कापला. चित्र दाखवते की हात नाही. का नाही, हे चित्र सांगू शकत नाही. ते शब्दांनाच सांगावे लागते.

ही छायाचित्रे मोरेलच्या पुस्तकांत छापली गेली. पण त्यांचा खरा परिणाम झाला तो मॅजिक लँटर्नच्या सभांतून. काचेवरचे चित्र दिव्याच्या उजेडाने पडद्यावर मोठे करून दाखवायचे, असा तो खेळ. आपल्याकडे कल्याणच्या पटवर्धनांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने गावोगावी जे खेळ केले, त्याच जातीचे ते यंत्र. पटवर्धनांनी त्यावर पुराणातल्या कथा दाखवल्या. हॅरिस पतिपत्नींनी काँगोची कथा दाखवली. साठ काचचित्रांचा संच, बरोबर लिहिलेले व्याख्यान, आधी प्रार्थना, शेवटी ठराव आणि वर्गणी. इंग्लंड-अमेरिकेत अशा शेकडो सभा झाल्या. अंधारात बसलेल्या गिरणी कामगाराच्या आणि दुकानदाराच्या समोर न्साला येऊन बसला. ज्या रबराच्या टायरवर आपली सायकल धावते, ते कुठून येते, हे त्याला कळले.

१९०५ साली मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाने राजा लिओपोल्डच्या तोंडी एक उपरोधिक स्वगत घातले. त्यात राजा चरफडतो, की एवढे साक्षीदार मी विकत घेतले, पण हा कॅमेरा काही मला विकत घेता आला नाही. हे वाचून आपल्याला वाटेल, की झाले, सत्याचा विजय झाला. पण इथेच थोडे सावध राहायला हवे.

केसमेंटच्या अहवालात एपोंडो नावाच्या मुलाची हकीकत होती. पहारेकऱ्याने माझा हात तोडला, असे त्याने सांगितले होते. राजाच्या माणसांनी त्या मुलाला गाठले, आणि पुढच्या चौकशीत त्याच्याकडून वदवून घेतले, की माझा हात रानडुकराने खाल्ला! तुटका हात तोच, मुलगा तोच. गोष्ट मात्र बदलली. छायाचित्राने आता काय करावे? ते काहीच करू शकत नाही. छायाचित्राला उलटतपासणीत उत्तर देता येत नाही. म्हणूनच एका चित्रावर खटला उभा करता येत नाही.

ओरड वाढली तेव्हा राजाने १९०४ मध्ये तीन न्यायाधीशांचे मंडळ नेमले. त्याला वाटले, हे आपले निर्दोषत्व सिद्ध करतील. मंडळ बारिंगालाही आले. तिथे लोंटुलू नावाचा गावमुखिया साक्षीला आला. त्याने टेबलावर एकशे दहा काड्या मांडल्या. रबरापायी मेलेल्या माणसागणिक एक काडी. गावचे मानकरी, पुरुष, बायका, मुले असे चार ढीग केले, आणि एकेक काडी उचलून एकेकाचे नाव सांगितले. त्याच्याजवळ कॅमेरा नव्हता आणि कागदही नव्हता. पण असली नोंद कोणत्या दप्तरात सापडेल, सांगा! मंडळाने आरोप मुळात खरे मानले आणि १९०५ च्या अखेरीस तसा अहवाल दिला. त्या साक्षींचे मूळ कागद मात्र प्रसिद्ध झाले नाहीत. ते कित्येक दशके ब्रुसेल्सच्या दप्तरखान्यात बंद राहिले.

१९०८ साली राजाला काँगो सोडावा लागला. बेल्जम सरकारने तो त्याच्याकडून घेतला. वर कृतज्ञता म्हणून राजाला पाच कोटी फ्रँक देण्याचे ठरले! ताबा देण्याआधी, त्या ऑगस्ट महिन्यात, राजाच्या कचेरीची भट्टी आठ दिवस जळत होती. काँगोची दप्तरे त्यात जाळली गेली. कागद जळाले, पण काचेवरची चित्रे तोवर हजारो लोकांनी पाहिली होती, ती कशी जाळणार?

सारे दुःख तिथे संपले असेही नाही. बेल्जमच्या अमलातही सक्तीची मजुरी निराळ्या रूपाने चालू राहिली. काँगो स्वतंत्र झाला तो ३० जून १९६० रोजी. आणि त्यानंतर साठ वर्षांनी, ३० जून २०२० रोजी, बेल्जमचे राजे फिलिप यांनी त्या काळच्या अत्याचारांबद्दल लेखी खेद व्यक्त केला. १९०४ ते २०२०. साक्ष दिल्यापासून कबुलीपर्यंत एकशे सोळा वर्षे.

मग छायाचित्राने काय केले? माझे उत्तर असे: मोरेलच्या नोंदी, केसमेंटच्या जबान्या, लोंटुलूच्या काड्या आणि ॲलिस हॅरिसचे छायाचित्र, या सर्वांनी मिळून एक पंचनामा केला. पंचनाम्याला जागा लागते, वेळ लागते, नाव लागते, पंचांच्या सह्या लागतात. यांतले एक नसले तरी कोर्टात तो लंगडा पडतो. छायाचित्र हा पंचनाम्याचा एक कागद आहे. फार बोलका कागद, पण एकच.

आता आपल्या देशाकडे वळू. १९४३ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना, बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला. ब्रह्मदेश जपानने घेतल्यामुळे तिथला तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून सरकारने किनाऱ्यावरच्या होड्या आणि धान्य आधीच काढून नेले होते. १९४२ च्या ऑक्टोबरात मोठे वादळ झाले. भाव कडाडले. सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाने सुमारे पंधरा लाख मृत्यू मानले. पुढच्या अभ्यासकांचे अंदाज तीस लाखांपर्यंत जातात. आणि युद्धकाळाच्या निर्बंधांमुळे वर्तमानपत्रांना याबद्दल मोकळेपणी लिहिता येत नव्हते.

कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’चे संपादक इयन स्टीफन्स यांनी नियम बारकाईने वाचले. त्यांच्या ध्यानात आले, की निर्बंध शब्दांवर आहेत, छायाचित्रांबद्दल त्यांत काही नाही. २२ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांनी कलकत्त्याच्या रस्त्यांवरच्या भुकेलेल्या माणसांची छायाचित्रे छापली. पत्र इंग्रजांचे, संपादक इंग्रज. त्यामुळे हे हिंदी पुढाऱ्यांचे कारस्थान, असे म्हणायची सोय राहिली नाही. चित्रे परदेशांत पोचली आणि बंगालचा दुष्काळ जगाला नाकारता येईना.

त्याच वेळी सुनील जाना हा पंचविशीतला तरुण कॅमेरा घेऊन बंगालच्या खेड्यांत हिंडत होता. त्याच्याबरोबर चित्तप्रसाद हे चित्रकार होते. जानांची छायाचित्रे कम्युनिस्ट पक्षाच्या, मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’ या साप्ताहिकात येऊ लागली. बंगालची भूक अशी मुंबईच्या छापखान्यातून देशभर गेली. चित्तप्रसादांच्या रेखाटनांचे पुस्तक मात्र सरकारने जप्त करून जाळले. पुन्हा तेच बघा. आधी म्हणायचे, असे काही घडलेच नाही. आणि मग ज्यात ते नोंदले, तो कागद जाळायचा.

पण मंडळी, कॅमेरा नेहमी पीडिताच्याच बाजूने उभा असतो असे मात्र समजू नका. आपल्याच देशातले उदाहरण आहे. १८५७ च्या नोव्हेंबरात लखनौच्या सिकंदर बागेत इंग्रज फौजेने सुमारे दोन हजार शिपाई मारले. फेलिचे बेआतो हा छायाचित्रकार काही महिन्यांनी, १८५८ मध्ये तिथे पोचला. त्याच्या प्रसिद्ध छायाचित्रात पडक्या वाड्यासमोर सांगाडे विखुरलेले दिसतात. एका इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या आठवणींत लिहिले आहे, की ती प्रेते झाकून टाकलेली होती, पण छायाचित्रकाराने हट्टाने ती पुन्हा उघडी करायला लावली. म्हणजे माणसे खरी, मृत्यू खरा, पण दृश्य मांडलेले. आणि ते कशासाठी? विजयाची आठवण म्हणून. १८८६ मध्ये मंडालेला कर्नल हूपर नावाच्या अधिकाऱ्यावर आरोप झाला, की कैद्यांना गोळ्या घालतानाचा नेमका क्षण टिपण्यासाठी तो कॅमेरा रोखून उभा राहत असे. विलायतेत बोभाटा झाला, चौकशी बसली. अलीकडची गोष्ट घ्या. इराकमधील अबू ग्रेब तुरुंगात कैद्यांच्या छळाची जी छायाचित्रे २००४ साली जगापुढे आली, ती पहारेकऱ्यांनीच मौजेखातर काढलेली होती. शिकारी शिकारीबरोबर फोटो काढतो तशी. पण तीच पुढे त्यांच्याविरुद्ध पुरावा झाली.

विद्यार्थी मला नेहमी विचारतात, ‘सर, फोटो काढत बसण्यापेक्षा त्यानं मदत का केली नाही?’ प्रश्न अगदी योग्य आहे, आणि तो विचारायचे मुलांनी कधी सोडू नये. माझे उत्तर एवढेच, की न्साला आला तेव्हा ॲलिस हॅरिसला त्याची मुलगी परत देता येत नव्हती. तिने छायाचित्र काढले आणि मग ती ते पेटीत ठेवून बसली नाही. ते घेऊन ती वर्षानुवर्षे सभासभांतून उभी राहिली. छायाचित्र काढणाऱ्याची पारख तो पुढे त्या चित्राचे काय करतो यावर होते. आणि पाहणाऱ्याची? तीही तशीच.

तरीही एक खोच राहतेच. त्या शेकडो सभांत व्यासपीठावर बोलणारे बहुतेक गोरे होते. काँगोचा माणूस पडद्यावर होता, मुका. त्याला काय म्हणायचे आहे ते दुसरेच सांगत होते. आणि सभेतल्या पुष्कळांना लिओपोल्डचे राज्य वाईट वाटले तरी साम्राज्य ही गोष्टच वाईट आहे, असे काही वाटले नाही. शेजाऱ्याच्या अंगणातला कचरा दाखवणारे चित्र आपल्याला आवडते. आपल्या अंगणातला दाखवला की राग येतो. हा माणसाचा जुनाच स्वभाव आहे.

आज तर घरोघर, खिशाखिशात कॅमेरा आहे. दंगल होवो, लढाई होवो, घटकेत चित्र मोबाईलवर येते. त्यातली काही खरी असतात. काही खरी पण दुसऱ्याच देशातली, दहा वर्षांपूर्वीची असतात. खालची ओळ मात्र आजची आणि आपल्या गावची. आणि आता यंत्राला सांगून, कधी न घडलेल्या प्रसंगाचे हुबेहूब चित्रही तयार करता येते. एके काळी लिओपोल्ड म्हणत होता, की खरे चित्र खोटे आहे. आता खोटे चित्र खरे म्हणून फिरते, आणि त्याहून वाईट म्हणजे खऱ्या चित्राकडे बोट दाखवून ‘हेही यंत्राचंच’ म्हणायची अपराध्याला सोय झाली आहे. एका खोट्या चित्राने दहा खऱ्या पीडितांची साक्ष कच्ची होते. म्हणून असे चित्र आले, की ते पुढे ढकलण्याआधी पंचनाम्याचेच प्रश्न विचारावेत. हे कोणी काढले? कुठे आणि केव्हा? चौकटीच्या बाहेर काय असेल? आणि जे दिसते त्याला दुसरा काही आधार आहे का, कोणाची जबानी, कोणते दप्तर? उत्तर मिळेना तर बोट आवरावे.

शिक्षक मित्रांना दोन शब्द सांगतो. लहान मुलांना अशी चित्रे दाखवू नयेत; भीतीने मन मिटते, उमलत नाही. मोठ्या मुलांना दाखवायची तर आधी गोष्ट सांगावी, मग चित्र दाखवावे, आणि मग गप्प बसावे. ‘बघा किती क्रूर!’ असे म्हणायची गरज नसते. मुलांनाच विचारावे, या माणसाचे नाव काय? नाव ठाऊक नसेल तर का नाही? चित्र घेताना त्याला विचारले असेल का? आपल्या बहिणीचे, आपल्या आजीचे असे चित्र कोणी छापले असते तर आपण काय म्हटले असते? एवढा विचार झाला, की इतिहासाचा आणि नागरिकशास्त्राचा तास एकाच वेळी पार पडतो.

आणि एक काम गावात बसून करता येण्यासारखे आहे. तुमच्या घराघरांत, शाळेच्या कपाटात जुनी छायाचित्रे असतील. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतरची असतील, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायामाणसांची असतील. त्यांतली माणसे ओळखणारे कोणी म्हातारे माणूस आज गावात आहे. आणखी दहा वर्षांनी नसेल. मुलांना त्यांच्याकडे पाठवा. प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहून घ्या. पाच वर्षांची बोआली आज आपल्याला नावाने ठाऊक आहे, ती कोणीतरी ते लिहून ठेवले म्हणून.